सारवलेली मालगाडी

ईशान आणि रेवा,

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी लिहायला सांगितल्या, तेव्हा मी एक अट घातली. मी माझ्या दोन नातवंडांना उद्देशून लिहीन. बाकीच्या वाचकांनी हवं तर शेजारी बसून ऐकावं. त्यांनी अट मान्य केली. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, म्हणून वाक्यं शक्य तेवढी लहान ठेवते. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. तिलाही सांगता आला नाही तर मला फोन करा, मग मी तिच्याशी बोलते.

हे सगळं लिहायचं कारण रेवा आहे. तिच्या शाळेत म्हणे विचारलं होतं, तुमच्या घरातल्या कोणी हवा स्वच्छ राहावी म्हणून काही केलं आहे का? रेवानं लिहिलं, 'माझ्या आजीकडे तुळस आहे.' तुळस आहेच. पण तुमच्या आजीनं वीस डब्यांची मालगाडीही भरलेली आहे, एकदा नाही, पुष्कळदा. त्यातली एक तिनं चक्क शेणानं सारवून पाठवली होती. हे घरात कोणी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मीच सांगते.

मी मुरबाडच्या एका कारखान्यात डिस्पॅचला होते. डिस्पॅच म्हणजे माल कारखान्याच्या फाटकातून निघाला की गिऱ्हाइकाच्या दारात उतरेपर्यंत त्याची काळजी वाहणं. माल वेळेवर पोचला तर कोणाला आपली आठवण येत नाही, आणि नाही पोचला तर सकाळपासून सगळ्यांना येते. आमचा माल म्हणजे पांढरी पावडर. चुनखडीचा दगड भट्टीत भाजायचा, त्याचा चुना करायचा, आणि पुन्हा त्यावर प्रक्रिया करून खडूपेक्षा बारीक, खडूपेक्षा पांढरी भुकटी करायची. ती रंगात घालतात, कागदात घालतात. तुमच्या खोलीच्या भिंतीला पांढरा रंग असेल तर त्यात असलीच काहीतरी भुकटी असणार. पांढरेपणा हाच आमचा माल. तो गेला तर उरतो तो दगडाचा चुरा.

मला ही नोकरी मिळाली ती इंग्रजीमुळे. लग्न होऊन मुरबाडला आले तेव्हा माझ्याकडे रसायनशास्त्राची पदवी होती आणि कॉन्व्हेंटमध्ये घोटून घेतलेलं इंग्रजी. कारखान्याला उत्तरेकडच्या गिऱ्हाइकांना पत्रं लिहायला माणूस हवा होता. पत्रं लिहिता लिहिता ट्रक लावायला लागले, आणि नव्वदच्या दशकात कधीतरी टेबलावर 'डिस्पॅच ऑफिसर' अशी पाटी आली. मी ती रोज पुसत असे.

ट्रकांच्या त्या दिवसांतला एकच किस्सा सांगते, कारण त्यातला माणूस पुढे लागणार आहे. गोपाळ म्हणून ड्रायव्हर होता, शहापूरजवळच्या सापगावचा. माझ्याच वयाचा, मिशा झुपकेदार. एकदा त्यानं गिऱ्हाइकाकडे माल पोचवून आल्यावर रिकामा ट्रक धुवायला नेतो म्हणून सांगितलं आणि नेला थेट वैशाखऱ्याला, मेहुण्याच्या लग्नाला. वऱ्हाड ट्रकात बसवलं. ट्रक अर्थातच धुतलेला नव्हता. लग्नमंडपाशी वऱ्हाड उतरलं ते नवऱ्या मुलापासून वाजंत्र्यांपर्यंत सगळं पांढरंफेक. दुसऱ्या दिवशी मी त्याला उभा केला.

"गोपाळ, ही कंपनीची गाडी आहे."

"बाई, तुमची पावडर लई भारी हाय. नवरीच्या आयशीनं नवऱ्याला वळखलाच नाय. दुसऱ्यालाच ववाळला."

रागवायचं राहूनच गेलं. गोपाळशी असं नेहमी होई.

आता मुख्य गोष्ट. नव्या शतकाची चार-पाच वर्षं झाली असतील. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक उत्तरेकडे रंग बनवायचं. त्या कंपनीचे मालक परदेशातले. एक दिवस तिकडून सात पानी फॉर्म आला. तुमचा माल आमच्याकडे पोचेपर्यंत त्याच्या प्रवासात किती धूर होतो, म्हणजे किती कार्बन हवेत जातो, ते टनामागे लिहून द्या; आणि तो कमी करायला काय करणार तेही लिहा.

आमचे मॅनेजर खांबेटे साहेब भला माणूस, पण त्यांना फॉर्म आवडत नसत. ते म्हणाले, "मॅडम, धुराचं वजन कसं करणार? काट्यावर ठेवणार का?"

मी म्हटलं, "करता येतं, साहेब. लिटरभर डिझेलचं वजन किलोहून कमी भरतं. पण ते जळलं की त्यातून अडीच किलोहून जास्त कार्बन डाय-ऑक्साइड निघतो."

"किलोभर घातलं तर अडीच किलो कसं निघेल? काहीतरीच."

"बाकीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं."

त्यांनी फॉर्म हातात घेतला. मग म्हणाले, "म्हणजे आपण एवढी वर्षं उत्तरेला पावडरीबरोबर धूरही पाठवतोय, आणि तो मोजलाच नाही?"

मी हिशेबाला बसले. मुरबाडहून शहापूर, तिथून आग्रा रोड, आणि पुढे तीन राज्यं. ट्रकच्या एका फेरीला किती डिझेल, रिकामा परत यायला किती, महिन्याला किती फेऱ्या. उत्तर आलं तेव्हा ते मी तीन वेळा तपासलं. पावडर बनवताना भट्टीतून धूर होतोच, आमचा कारखाना काही आश्रम नव्हता. पण रस्त्यावरचा हा सगळा धूर तर टाळता येण्यासारखा होता. शहापूर तालुक्यातून मोठी रेल्वेलाइन जाते, विजेवर चालणारी. तिथल्या एका स्टेशनला मालधक्का होता, म्हणजे मालगाडी भरायचा फलाट. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. आणि आम्ही त्या लाइनीच्या शेजारून, तिला समांतर, ट्रक पाठवत होतो.

लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी जोरानं पळतं. ईशान, तू स्केट घालून लाकडी जमिनीवर किती सहज जातोस आणि गवतावर किती दमतोस ते आठव. एका मालडब्यात आमच्या सहा ट्रकांचा माल मावायचा. पण रेल्वे एक-दोन डबे देत नसे. घ्यायचे तर निदान वीस, एकदम, आणि ते ठरलेल्या तासांत भरून द्यायचे. उशीर झाला की दंड. म्हणून आमच्यासारखे कारखाने रेल्वेच्या वाटेला जात नसत.

खांबेटे साहेबांनी तीन गाड्यांची परवानगी दिली. गिऱ्हाइकाचंही तेच म्हणणं होतं: तीन गाड्या पाठवा, माल नीट आला तर पुढे कायम रेल्वे, नाहीतर पुन्हा ट्रक.

बातमी फाटकापाशी पोचायच्या आत गोपाळ माझ्या टेबलापाशी पोचला.

"बाई, आमच्या पोटावर पाय देताय."

"पोती धक्क्यापर्यंत कोण नेणार, गोपाळ? तूच. दिवसाला दोन फेऱ्या. संध्याकाळी घरी."

"रोज?"

"रोज."

तो विचारात पडला. "बायकोला इचारतो. तिला सवय नाय."

आता दुसरं माणूस. आमच्या भरणाऱ्या टोळीत पुरुष पोती उचलत आणि बायका बाकीचं सगळं करत: झाडणं, फाटकी पोती शिवणं, खाली पेंढा पसरणं. बायकांची पुढारी होती सोमीबाई. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीवरची. पावसाळ्यात भात लावायची, उन्हाळ्यात जंगलातून डिंक-हिरडा गोळा करायची, आणि मधले महिने आमच्याकडे. डोंगरातली माणसं लहानमोठ्या सगळ्यांना 'तू' म्हणतात, तशी ती मलाही म्हणे. खांबेटे साहेबांनाही. साहेब म्हणत, कारखान्यात मला तू म्हणणारी ही एकटीच उरली आहे.

पहिली गाडी गणपतीनंतर लागली. पाऊस जायचा होता. माल वेळेत भरला, मी खूश. पण वाटेत पाऊस लागला, डब्यांच्या तळाच्या फटींतून आणि दारांच्या खालून पाणी आत आलं, आणि खालच्या थरातली पोती दगडासारखी झाली. गिऱ्हाइकानं तेवढी परत धाडली. म्हणजे तीनांतली एक गेली.

चूक माझीच होती. रिकामा डबा कसा तपासायचा ते मला तोवर माहीत नव्हतं. धक्क्यावरच्या म्हाताऱ्या मालबाबूंनी, म्हणजे रेल्वेच्या माल-कारकुनांनी, शिकवलं. भर दिवसा डब्यात शिरायचं, दोन्ही बाजूंची दारं लावून घ्यायची आणि अंधारात उभं राहायचं. डोळे सरावले की जिथे जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे तिथे भोक. छपराला भोक असेल तर डबा बदलून मागायचा. खाली किंवा कोपऱ्यात असेल तर बुजवायचं. मी लगेच एक वही केली: डब्याचा नंबर, ठिपके किती, कुठे, बुजवले का, आणि शेवटी माझी सही.

दुसऱ्या गाडीच्या वेळी मी सोमीबाईला घेऊन एका डब्यात शिरले आणि दारं लावली. ती अंधारात म्हणाली, "बाय, यो तं चांदन्या दिसतान."

"या सगळ्या चांदण्या बुजवायच्या. पाणी आत येता कामा नये."

"कनगीसारखा करायचा ना? मंग सोड माज्यावर."

कणगी म्हणजे भात साठवायचा बांबूचा मोठा टोपला. मी म्हटलं, हो, तसंच. आणि मालबाबूंच्या खोलीत कागद भरायला गेले. रेल्वेचे कागद म्हणजे एका कागदाच्या पाच प्रती.

दीड-दोन तासांनी परत आले तर सगळे कोपरे बुजवलेले, आणि पाच डब्यांची जमीन भिंतीपर्यंत शेणानं सारवलेली. जवळच्या गोठ्यातून शेण आणलं होतं. कणगी भरायच्या आधी शेणामातीनं लिंपतात, खळं सारवल्याशिवाय त्यावर दाणा टाकत नाहीत. या बायकांनी आमच्या पावडरीचा तेवढा मान ठेवला होता. ऑक्टोबरच्या उन्हात लोखंड तापलेलं, सारवण वाळूनही गेलं होतं. बोटांच्या कमानी एकीत एक गुंतलेल्या, इतक्या सुरेख, की मी वाकून हात फिरवला. हाताला काही लागलं नाही. वास आला तो सणाच्या सकाळचा.

मी म्हटलं, "छान झालंय." आणि वहीत सही केली.

तुम्हाला आता कळलं असेल पुढे काय झालं. मला तेव्हा कळलं नाही, आणि माझ्याकडे तर रसायनशास्त्राची पदवी होती.

मालगाडी धक्के खात जाते. आठ दिवस धक्के खाल्ल्यावर वाळलेल्या सारवणाचा भुगा झाला. तो पोत्यांवर बसला. तिकडे पोती उघडताना थोडासा आत पडला, आणि रंगाची एक अख्खी टाकी पांढऱ्याऐवजी पिवळट झाली. फॅक्स आला. एरवी त्या लोकांचे फॅक्स लांबलचक असत. हा अडीच ओळींचा होता. अर्थ असा: आम्ही पावडर मागवली होती, गोठा मागवला नव्हता. तिसरी गाडी अशीच आली तर चौथी पाठवू नये.

फॅक्स मीच खांबेटे साहेबांना वाचून दाखवला. ते लालबुंद झाले. "या बायकांना कोणी सांगितलं होतं हे करायला? टोळी बदला. ठाण्याहून कंत्राटदाराची माणसं आणा."

त्या वेळी मला बोलायला हवं होतं. मी बोलले नाही.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, तुमच्या आजोबांनाही नाही. चार दिवस मी गप्प राहिले. वहीत माझी सही होती, मी हात लावून 'छान' म्हटलं होतं, आणि साहेबांना वाटत होतं की अडाणी बायकांनी माझ्या पाठीमागे घोळ घातला. तो समज मला सोयीचा होता. तिसऱ्या दिवशी टोळी नेहमीप्रमाणे आली. वॉचमननं फाटकातून परत पाठवली. मी ते खिडकीतून पाहिलं. सोमीबाईनं वर खिडकीकडे पाहिलं की नाही, हे मला नक्की आठवत नाही. पाहिलं असावं.

पाचव्या दिवशी मी गोपाळला म्हटलं, मला सिद्धगडाकडे ने. शेवटच्या गावापर्यंत गाडी गेली, पुढे पायी. सोमीबाई उन्हाळ्यात गोळा केलेल्या हिरड्यांना अंगणात पुन्हा ऊन दाखवत होती.

"ये बाय. बस." पाणी दिलं. मग हिरडे पसरता पसरता म्हणाली, "शेन वाईट व्हता?"

"शेण चांगलं होतं. आमच्या मालाला चालत नाही. रंग पिवळा झाला."

"मंग तू तवाच का नाय बोललीस? तू वाकून बगितलास. हात लावलास. छान बोललीस."

"बोलले."

"मंग चूक कोनाची?"

"माझी."

"सायबाला सांगितलास?"

गोपाळ बांधावर बसून विडी शोधायचं नाटक करत होता.

"नाय ना," सोमीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आमाला लिवता येत नाय, बाय. तू लिवतेस. तूच आमचा खोटा लिवलास तं आमी कुठं जावा?"

"मी काही लिहिलेलं नाही."

"त्याच तं बोलते. लिव."

गोपाळ बांधावरून म्हणाला, "बाई, ही बोलते ती बरोबर हाय. माझ्या ट्रकाचा सगळा लिवता तुमी, आरसा फुटला तरी लिवता."

मी निघाले. चार पावलं गेल्यावर तिनं हाक मारली. "आन बाय, शेन नको तं चुना घे. भांडा चिरला का आमी चुना आन डिंक मळून लावतो. तुज्या कारखान्यात चुन्याचा डोंगर पडलाय. पांढऱ्यात पांढरा. सुटला तरी कोनाला कललं?"

मी वाटेतच थांबले. भट्टीतला वाया गेलेला चुना कारखान्याच्या मागे खड्ड्यात पडलेला असे. मी रोज त्याच्या बाजूनं जात होते. चुना वाळताना हवेतून कार्बन डाय-ऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचं रूपांतर जवळजवळ आमच्या पावडरीतच होतं. कॉलेजात मी हे समीकरण लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. डब्याला आमच्याच मालाचं लिंपण लावायचं हे मात्र कधी शाळेत न गेलेल्या बाईला सुचलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या टेबलावर वही उघडून ठेवली, माझ्या सहीवर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. चार दिवसांचंही.

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला नाही कळलं?"

"नाही, साहेब. वास चांगला वाटला."

"तो मलाही वाटला असता," ते म्हणाले. हसले नाहीत. "टोळी परत बोलवा. पण तिसरी बिघडली तर रेल्वे बंद, टोळी बंद, आणि डिस्पॅचला मी दुसरा माणूस बघेन."

हे त्यांनी शांतपणे सांगितलं, म्हणून ते खरं आहे हे मला कळलं.

तिसरी गाडी पौषात लागली. आठ दिवस आधीपासून बायकांनी चुना भिजवून, गाळून, धावड्याच्या झाडाचा डिंक घालून मळला होता. डिंक सोमीबाईचाच, वाडीवरून आणलेला. मी एक वाटीभर नमुना आमच्या प्रयोगशाळेत नेऊन तपासला, पत्र्यावर लावून वाळवला, हातोडीनं ठोकला. या वेळी छान वगैरे म्हणायची घाई केली नाही. वीस डब्यांत आम्ही दोघी दारं लावून उभ्या राहिलो. ठिपके मोजले, बुजवले, पुन्हा दारं लावली, पुन्हा पाहिलं. दोन डबे छपराला गळके निघाले, ते बदलून घेतले. उशीर होईल म्हणून मालबाबू कासावीस. सोमीबाई त्यांना म्हणाली, "अरं बाबा, तुज्या गाडीला भोका, आन तूच घाई करतोस?"

त्यात तिनं आणखी एक केलं. पहिला डबा तपासून झाल्यावर उरलेल्या चुन्यात पंजा बुडवला आणि दाराच्या आतल्या बाजूला लोखंडावर उठवला. पाच बोटं, तळवा, लखलखीत पांढरा.

मी पुढे झाले. "आता हे काय?"

"कनगी लिंपून झाली का हात उठवायचा. हात हाय म्हंजे बरा हाय."

मी पुसायला फडकं उचललं होतं. मग ठेवलं. चुनाच तो. पडला तरी पांढराच पडणार. वीस डब्यांवर वीस हात उठले आणि मी वहीत तशी नोंद केली.

गाडी गेली. आमच्या धंद्यात चांगली बातमी येत नसते. वाईट आली नाही की तीच चांगली. नऊ दिवस फॅक्सचं यंत्र गप्प होतं. दहाव्या दिवशी त्या कंपनीच्या भांडाराच्या प्रमुखांचा फोन आला. हिंदीत म्हणाले, माल उत्तम आहे, एकही पोतं ओलं नाही. पण डब्यात हे हात कसले? काही पूजाबिजा केलीत काय?

मी खुर्चीत ताठ बसले आणि म्हटलं, "ती आमची तपासणीची खूण आहे."

त्या क्षणापर्यंत ती नव्हती. त्या क्षणापासून झाली. मी सोमीबाईला सांगितलं, की तिकडची माणसं हात बघून माल उतरवणार आहेत. तेव्हापासून ती एखादा डबा मनासारखा झाला नाही तर हात उठवायला साफ नकार द्यायची. "हात उठवला म्हंजे मी सांगितला का बरा हाय. खोटा कसा सांगू?" यावर कोणत्याही अधिकाऱ्याचं काही चालत नसे, माझंही.

मग दर महिन्याला गाडी लागू लागली. सात पानी फॉर्म मी पुन्हा भरला, तेव्हा टनामागचा धूर निम्म्याच्याही खाली आला होता. आणि त्यात मी धक्क्यापर्यंतच्या ट्रकांचं डिझेल धरलं होतं, रिकाम्या परतीचंही. काही लोक ते धरत नाहीत. तुम्ही मोठेपणी असला हिशेब केलात तर धरा.

सगळं गोड झालं असं नाही. लांब पल्ल्याचे तीन ड्रायव्हर सोडून गेले. त्यांना रोज घरी यायचं नव्हतं, किंवा लांबच्या फेऱ्यांच्या भत्त्याशिवाय भागत नव्हतं. मी त्यांच्यासाठी फारसं काही करू शकले नाही. औद्योगिक वसाहतीतल्या बाकीच्या कारखान्यांना मी वही दाखवत फिरले. दोघे आले, बाकीचे म्हणाले, रेल्वेचा टाइम कोण सांभाळणार? खुद्द मुरबाडला रेल्वे येणार हे मी इथे सून म्हणून आले तेव्हापासून ऐकते आहे. गोपाळ मात्र टिकला. पहिल्या महिन्यानंतर मी विचारलं, बायको काय म्हणते? "बोलते, लवकर येतास तं पानी भरा. दिल्लीला बरा व्हता, बाई."

निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी एकदा गाडी सकाळी लागायची ती दुपारी लागली. तास संपत आले होते, दंड समोर दिसत होता. एका डब्यात सोमीबाई दार लावून बराच वेळ उभी राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, "उजेड हाय. कुठून येतो ता गावत नाय." मी आत गेले. मला दिसला नाही. वीस वर्षं हिशेब करून माझे डोळेही थकले होते, पण तेव्हा मी ते मान्य केलं नाही. म्हटलं, भरा. पुरुषांनी पोती चढवली. सोमीबाईनं चुन्याचं भांडं उचललं. पुढच्या डब्याकडे गेली.

आठ दिवसांनी फॅक्स आला. भांडाराच्या प्रमुखांनी लिहिलं होतं: एकोणीस डबे उतरवून घेतले. एका डब्यात हात नाही, म्हणून तो उघडून तसाच ठेवला आहे. काय करावं कळवा.

ज्या माणसांनी एकदा आम्हाला गोठा म्हटलं होतं, ती आता सोमीबाईच्या हातावाचून पोत्याला हात लावत नव्हती.

मी कोरा कागद घेतला. साहेबांना विचारायला गेले नाही, त्याची गरज नव्हती. लिहिलं: 'तो डबा कोपरा न् कोपरा तपासून मगच उतरवावा. ज्यांचा हात असतो त्यांनी तो पास केलेला नव्हता. मी केला होता.' खाली पूर्ण नाव लिहिलं आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी उत्तर आलं. आठ पोती ओली निघाली होती, ती त्यांनी बाजूला काढली होती. बाकी माल चांगला. आणि खाली हातानं लिहिलेली एक ओळ होती: पुढची गाडी कधी भरताय?